भोक नसलेला पैसा

मला राग आला की माझा आवाज खाली जातो. शाळेत शिकवत होते तेव्हाही असंच होतं. मी मोठ्यानं बोलत असले की मुलं निवांत असायची; आवाज खाली आला की मागच्या बाकावरचा वांड पोरगासुद्धा पाय आत ओढून घ्यायचा. या मे महिन्यात माझा आवाज असा खाली गेला, की अजून तो पुरता वर आलेला नाही.

निवृत्त झाल्यावर मी नाटे गावातल्या घरी राहायला आले. रविवारी सकाळी माझ्या पडवीत मुलं जमतात आणि आम्ही नाणी बघतो. मुलं जेटीवरून आलेली चिल्लर घेऊन येतात. पाचची, दोनची, क्वचित घरातल्या डब्यातून काढलेलं एखादं जुनं. बहुतेकांना बांगड्याचा वास असतो. पडवीत शिरताना मुलांनी एक नियम म्हणायचा: नाणं घासायचं नाही. आमच्याकडे जुनं तांबं दिसलं की बायकांचा हात आपोआप आमसुलाकडे जातो. भांड्याला ते ठीक. नाण्याला एकदा आमसूल लावलं की त्याच्या अंगावरचं सगळं वय निघून जातं, आणि मग त्याला काही विचारायची सोय राहत नाही.

विचारायचं ते एकच. नाण्यात जे वेडंवाकडं दिसतंय, ते टाकसाळीत झालं की बाहेर?

"बाई, हे बघा, याचा कोणीतरी घास घेतलाय," ऋत्विकनं एकदा दोन रुपयांचं नाणं पुढे केलं होतं. कडेचा एक तुकडा गोलाईत गायब होता.

"कोणी घेतला? टाकसाळीनं की तुझ्या काकाच्या कानशीनं?"

"काका असलं काही करत नाही. काका काहीच करत नाही."

मुलं हसली. मी म्हटलं, "तुटलेली कड बघू नका. तिच्या बरोब्बर समोरची कड बघा."

समोरची कड दबलेली होती, काठ नीट उठलेलाच नव्हता. पत्र्यातून चकती कापताना ती आधीच्या भोकावर जाऊन पडली की तिचा तुकडा जन्मापासूनच कमी असतो. मग काठ उठवताना यंत्राचा जोर त्या बाजूला कमी पडतो आणि समोरच्या बाजूलाही. कानशीनं घासणाऱ्याला हे सुचत नाही. तो जिथं घासतो तिथंच त्याचं काम संपतं.

"म्हणजे खोटं बोलणारा एकाच बाजूनं बोलतो," राही म्हणाली.

राही अकरा वर्षांची. आनंदाची मुलगी. आनंदाला मी इथल्याच शाळेत चौथीत शिकवलंय. तो वडिलांच्या मागं मासेमारीत गेला. राही पडवीत कमी बोलते, पण बोलली की मला थांबावं लागतं.

तीच मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी रुमालात बांधून एक पैसा घेऊन आली.

हा पैसा कुठून आला ते सांगायला हवं. आनंदाच्या वाडीत लाकडी होडी नवी झाली की तिच्या नाळेत, म्हणजे पुढच्या उभ्या टोकाच्या लाकडात, एक नाणं बसवतात. होडी जुनी होऊन मोडीत निघाली की ते नाणं काढून पुढच्या होडीत घालायचं. इतर घरांत युद्धाच्या काळातला भोकाचा पैसा खिळ्यानं ठोकतात. मधोमध मोठं भोक असलेला तो तांबूस पैसा. तो नाण्यापेक्षा नटाखालचा वायसर म्हणूनच जास्त चालला, आणि लहान मुलांच्या कमरेच्या दोऱ्यातही ओवला गेला. आनंदाच्या घरचं नाणं मात्र ठोकलेलं नव्हतं. राहीच्या आजोबांनी लाकडात वाटीसारखी खाच पाडून, तीत तापलेली राळ ओतून, वर ते दाबून बसवलं होतं. आता आनंदाची नवी होडी फायबरची. जुनी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, उताणी पडली होती, सरपणासाठी. आनंदानं स्क्रू ड्रायव्हरनं पैसा उचकटून काढला आणि राहीनं बाईंना दाखवते म्हणून हट्टानं मागून घेतला.

मी भिंग लावलं. एका बाजूला मुकुट आणि अक्षरं, दुसऱ्या बाजूला पानांची माळ. नेहमीचा भोकाचा पैसा. फक्त त्याला भोक नव्हतं.

"बाई, तुम्ही श्वास घेत नाही आहात," सानवी म्हणाली.

मी घेत नव्हते खरी. भोक पाडायचं राहून गेलेला पैसा मी फक्त चित्रात पाहिला होता. पण अशा वेळी आपल्या खुशीवर विश्वास ठेवायचा नसतो. भोक बुजवून असला पैसा तयार करणारे खूप आहेत. म्हणून मी तो मुलांच्या हाती दिला आणि विचारलं, "टाकसाळीत की बाहेर?"

तासभर गेला. ऋत्विकनं तो पायरीच्या कातळावर हातभर उंचीवरून टाकला. स्वच्छ, लांब वाजला. बुजवलेला पैसा फुटक्या कपासारखा वाजतो. सानवीनं भिंगातून मधला भाग पाहिला. कुठं गोल सांधा नाही, रंगात फरक नाही. आणि राहीला मुकुटाच्या डाव्या टोकापासून काठापर्यंत गेलेली केसाएवढी रेघ दिसली.

"ओरखडा आहे?" मी विचारलं.

तिनं नखाची कड फिरवली. "नाही. ओरखडा आत जातो. ही वर आलीय."

"मग?"

"नाणं छापायच्या ठशालाच तडा गेला होता. तड्यात धातू शिरला."

मी टाळी वाजवली. माझा आवाज त्या दिवशी किती मोठा होता ते अख्ख्या वाडीनं ऐकलं. त्याच संध्याकाळी राहीची आजी, सोनूबाई, काठी टेकत आली आणि कट्ट्यावर बसली.

"माझ्या सासऱ्याला दुकानदारानं दिलेला तो," ती म्हणाली. "भोक नाय म्हणून कोण घेईना. सगळे म्हणत खोटा, खोटा. मग म्हातारा चिडला. म्हणाला, बाजारात नाय चालत तर माझ्या होडीवर चालंल. आणि चालला की गो! एवढ्या वादळांत एक माणूस गेला नाय आमचा."

"खोटा नव्हता, सोनूबाई. इतर पैशांपेक्षा जास्त खरा होता."

"तां मला ठावकच होतं," ती म्हणाली. "मी त्याला आमसूल लावणार होते, तर ही पोरगी माझ्यावर वसकली."

पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी फायबरचा कारागीर येणार होता. नव्या होडीच्या टोकाला तो रेझिनचा शेवटचा थर देणार आणि त्यात पैसा बसवणार. रेझिन एकदा घट्ट झालं की ते नाणं होडीचंच. कोणालाच परत काढता येणार नाही. राहीला तेच हवं होतं. पण आदल्या शनिवारी आनंदाला इंजिनाच्या सामानासाठी रत्नागिरीला जायचं होतं, आणि तिथं एका सभागृहात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. राही म्हणाली, कायमचं बसवण्याआधी एकदा मोठ्या माणसांना दाखवू. आनंदा तिला घेऊन गेला. तिथं हर्षदचं टेबल होतं.

हर्षदही माझाच विद्यार्थी. मी रत्नागिरीच्या शाळेत असताना तो पाचवी ते सातवी माझ्याकडे होता. नाण्याचा पहिला धडा त्यानं माझ्याकडून घेतला आणि पुढं धंदाच तो केला. पेपरात त्याचा फोटो येतो, खाली 'नाणेतज्ज्ञ' असं लिहिलेलं असतं. तो फोटो मी मुलांना कौतुकानं दाखवलेला आहे.

शनिवारी संध्याकाळी राही माझ्या दारात उभी राहिली. चप्पल न काढता. रडून झालेलं होतं.

"बाई, खोटा आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"हर्षद सर. त्यांनी आत नेलं, मशीनवर बघतो म्हणाले. मग बाहेर आणून सगळ्यांसमोर दाखवला. म्हणाले, भोक बुजवलंय, सोनारानं बुजवलेला दिसतोय. कोणी शिकवलं तुला खरं म्हणून? मी तुमचं नाव सांगितलं. तर हसले. म्हणाले, बाईंचे डोळे आता गेले, पण मुलांना स्वप्नं विकायची सवय गेली नाही. बाजूचे लोकपण हसले. एकजण म्हणाला, पोरगी हुशार आहे, बापाला घेऊन आली विकायला."

तिनं रुमाल सोडला. मी पैसा उचलला. भिंगाची गरज पडली नाही. उजेडाकडे तिरपा धरताच मधोमध एक बारीक वर्तुळ चमकलं. सांधा. हिरवट रंगही रसायनानं चढवलेला, सगळीकडे सारखा. मुकुट थोरला. राहीच्या पैशावरचा मुकुट धाकटा होता. त्या पैशांत दोन्ही तऱ्हा सापडतात.

"राही, रेघ शोध."

तिनं भिंग घेतलं. बराच वेळ शोधलं. मग वर बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अकरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर बघायचं नव्हतं.

"हा आमचा नाही," ती म्हणाली.

"नाही."

माझा आवाज खाली गेला. राग चोरीचा नव्हता. चोर चोरी करतो, ते मी समजू शकते. पण मुलीनं स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या नखानं खरं शोधून काढलं होतं, आणि मोठ्या माणसानं तिच्या तोंडावर सांगितलं की तुझे डोळे खोटे. आणि तिनं ते मानलं. अख्खा रस्ता ती ते मानत आली होती. याचा मला राग आला. अजून आहे.

आम्ही दोघी आनंदाच्या घरी गेलो. वाटेत मासळी विकणारी काशी टोपली घेऊन बसली होती. तिनं राहीला बघताच हाक मारली, "काय गो करोडपती! आता मासळी विमानानं नेणार काय?" राही खाली बघून पुढं गेली.

आनंदा अंगणात जाळं शिवत होता. बायको, मनिषा, तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. आनंदाचे हात थांबले, पण तो उठला नाही.

"जाऊ द्या, बाई."

"जाऊ द्या काय, आनंदा?"

"त्याचा शब्द नि आपला शब्द. तो पेपरातला माणूस. मी सही करताना घाम फुटणारा. म्हणेल, हेच आणलं होतं यांनी. कोण मानणार? पोलिसात गेलो तर सीझन जाईल त्यातच." त्यानं सुई जाळ्यात खोचली. "नाळेत दुसरं काहीतरी घालू. पाच रुपयाचं घालू. खोटं नाणं मी घालणार नाय."

"खोटं नव्हतं!" राही ओरडली. "आजी, सांग ना!"

सोनूबाई आतून म्हणाली, "माझ्या सासऱ्यालापण असंच सगळे खोटा खोटा म्हणायचे."

मनिषानं सूप खाली ठेवलं. "तुम्ही जाऊ द्या म्हणताय, पण ही पोर उद्या शाळेत फळ्याकडे बघताना पण म्हणेल, माझ्या डोळ्यांना काय कळतंय. ते कोण भरून देणार?"

खरं सांगायचं तर रागानं माझं डोकं चालत नव्हतं. पुरावा म्हणून काय दाखवायचं? मी पाहिला, मुलांनी पाहिला, पण आमचं पाहणं हर्षदनं आधीच म्हाताऱ्या डोळ्यांच्या खात्यात टाकून ठेवलं होतं.

राही अंगणाच्या पायरीवर बसली होती. बुजवलेला पैसा तिच्या तळहातावर. ती तो पुन्हा पुन्हा उलटा करत होती. मग एकदम म्हणाली, "बाई, नेहमीचा भोकाचा पैसा राळेत दाबला असता तर भोकातून राळ वर आली असती ना?"

मी तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे पैसा काढल्यावर मधोमध राळेची गाठ राहिली असती. आणि भोक नसेल तर..."

पुढचं वाक्य ऐकायला कोणी थांबलं नाही. आम्ही सगळे पुळणीकडे निघालो, सोनूबाईसुद्धा.

होडी उताणी होती. आनंदानं नाळेशी वाकून मोबाइलचा उजेड टाकला. खाचेत राळ तशीच होती, काळसर, काचेसारखी. "सरळ नको, बाजूनं टाक," मी म्हटलं. उजेड तिरपा झाला आणि राळेत मुकुट उभा राहिला. उलटा, आरशातल्यासारखा. अक्षरं उलटी, सालाचे आकडे उलटे. सगळं इतकं बारीक, की टाकसाळीनंसुद्धा हेवा करावा. मधोमध राळ गुळगुळीत, सपाट. गाठ नाही. वर्तुळ नाही. आणि मुकुटाच्या टोकापासून काठापर्यंत एक केसाएवढी चीर.

"रेघ वर होती, म्हणून इथं आत गेलीय," राही कुजबुजली.

तिनं हातातला पैसा हळूच खाचेत ठेवला. तो बसेना. थोरला मुकुट धाकट्याच्या जागेत कसा बसेल? एका बाजूला दाबला की दुसरी बाजू वर यायची.

आनंदा नाळेवरून हात फिरवत राहिला. त्यांच्याकडे जुन्या होडीचं सगळं लाकूड चुलीत जातं, पण नाळ सगळ्यांत शेवटी, आणि तिला करवत लावत नाहीत. ती आपली आपण सुटेपर्यंत थांबायचं. मला हे ठाऊक होतं, म्हणून ती कापून नेऊ या असं मी म्हटलं नाही. त्यानं आईकडे बघितलं.

सोनूबाई म्हणाली, "काप. ती साक्ष द्यायला चाललीय, चुलीत नाय."

रविवारी सकाळच्या एस.टी.त आम्ही चौघं चढलो. आनंदा, राही, मी, आणि ऋत्विक, ज्याला कोणीही बोलावलं नव्हतं. आनंदाच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला नाळेचा तुकडा.

"हे काय?" कंडक्टरनं विचारलं.

"लाकूड."

"दिसतंय. लगेज लागेल."

"बाळासारखं मांडीवर घेतलंय की," ऋत्विक म्हणाला.

"मग बाळाचं वय सांग. पाचच्या वर असेल तर हाफ तिकीट."

राही पहिल्यांदा हसली. मी हसले नाही. मला त्या दिवशी हसायचं नव्हतं. खिडकीतून कातळ मागं जात होता आणि मी मनातल्या मनात हर्षदला सातवीच्या बाकावर बसवत होते.

सभागृहात गर्दी होती. हर्षदचं टेबल मधोमध, वर काचेची पेटी, मागं पडदा. मला बघताच तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या पायाशी वाकला.

"बाई! तुम्ही स्वतः? सांगायचं होतंत, गाडी पाठवली असती."

मी पाय मागं घेतले. तो अर्धवट वाकलेला राहिला.

"हर्षद, एक नाणं बघायचंय," मी म्हणाले आणि बुजवलेला पैसा काचेवर ठेवला. "टाकसाळीत की बाहेर?"

त्यानं आनंदाला पाहिलं, राहीला पाहिलं. हसू जागेवरच ठेवलं. "बाई, मी काल यांना समजावलं. बाहेरचं काम आहे हे. हा बघा सांधा."

"बरोबर. पूर्ण गुण. आता हे सांग, हा पैसा कोणाचा?"

"यांचाच. यांनीच आणला."

"राही," मी म्हणाले.

राहीनं चादर सोडली. नाळेचा तुकडा काचेवर ठेवताना काच करकरली. दोन-चार माणसं वळली. राही स्पष्ट बोलली.

"आमचा पैसा या राळेत होता. आजोबांनी बसवलेला. हा त्याचा छाप. तुम्ही दिलेला पैसा यात बसत नाही." तिनं तो बसवून दाखवला. तो डगडगला. "मुकुट मोठा आहे. आणि आमच्या पैशाला तड्याची रेघ होती. इथं दिसते, बाजूनं उजेड टाकला की."

ऋत्विक मोबाइलचा उजेड बाजूनं टाकून तयारच उभा होता.

आता बरीच माणसं जमली. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, प्रदर्शन भरवणाऱ्यांपैकीच, भिंग काढून वाकले. "पण बाळ, आधी भोक बुजवून मग राळेत बसवला असेल, तर?"

"मग मधोमध सांध्याचं वर्तुळ उमटलं असतं," राही म्हणाली. "रेघ उमटलीय, केसाएवढी. तर वर्तुळ का नाही उमटणार?"

त्या गृहस्थांनी भिंग छापाच्या मधोमध धरलं. मग म्हणाले, "वर्तुळ नाही." आणि मान वळवून त्यांनी हर्षदकडे बघितलं.

"बाई, आपण आत बसू," हर्षद हळूच म्हणाला.

"आत कशाला? राहीला तू बाहेर बोललास."

"गर्दीत अदलाबदल झाली असेल. असे पैसे येतात दिवसभर."

"मग बदलून दे."

तो जवळ सरकला. मग माझ्या कानाशी वाकला, आणि जे बोलला ते त्याला वाटलं मला पटेल. "बाई, तुम्ही तरी समजून घ्या. ही पोरगी मला म्हणाली, सोमवारी आम्ही तो रेझिनमध्ये घालणार. रेझिनमध्ये! इतकी दुर्मीळ वस्तू, कायमची गाडून टाकणार! यांना काय कळतं? मी ती वाचवली."

कबूल करते, एका क्षणापुरतं ते मला लागलं. असा पैसा रेझिनखाली जाणार याची कळ मलाही होतीच. पण तो क्षण गेला आणि मागं उरला तो निव्वळ राग.

"दुर्मीळ म्हणालास," मी म्हणाले. आवाज इतका खाली की त्याला आणखी वाकावं लागलं. "तुला ठाऊक होतं. वाचवायचा होता तर यांना सांगायचं होतंस, की हा मोडू नका, गाडू नका, हे असं असं आहे. हात जोडायचे होतेस. त्यांनी ऐकलं असतं, नसतं, त्यांची वस्तू होती. तू ते केलं नाहीस. तू खऱ्या वस्तूला खोटं म्हणालास, आणि ज्या मुलीनं खरं ओळखलं तिला चारचौघांत खोटी पाडलीस. नाण्याचं मी नंतर बघेन, हर्षद. आधी तिचं."

"काय करू मी?"

"काल जेवढ्या मोठ्यानं बोललास तेवढ्याच मोठ्यानं बोल. तिच्याशी. माझ्याशी नाही."

त्यानं पडद्यामागं जाऊन एक छोटी प्लास्टिकची डबी आणली. ती उघडायच्या आतच राही म्हणाली, "आमचा." तिनं पैसा घेतला, मुकुट खाली करून खाचेत ठेवला. एवढासा आवाज झाला, कडी लागल्यासारखा. तो बसला. पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी बोटानं हलवून पाहिला, हलला नाही.

"राही," हर्षद तिच्या डोक्यावरून कुठंतरी बघत म्हणाला, "तुझं बरोबर होतं."

"मागं ऐकू आलं नाही," ऋत्विक म्हणाला.

कोणी हसलं नाही. हर्षदचा चेहरा लाल झाला. त्यानं राहीकडे बघितलं. "तुझं बरोबर होतं. पैसा खरा आहे. टाकसाळीतला. मी खोटं बोललो."

राहीनं मान हलवली. तिनं माफ केलं नाही, रागावलीही नाही. उत्तर तपासून बरोबरची खूण करावी तशी मान हलवली. आनंदानं नाळ चादरीत गुंडाळली. बुजवलेला पैसा काचेवर पडला होता. तो मी उचलला.

"बाई, तो माझा आहे," हर्षद म्हणाला.

"होय," मी म्हटलं. "मला शिकवायला लागेल."

आमच्या मागं पांढऱ्या दाढीचे गृहस्थ त्याला काहीतरी विचारत होते, आणि आणखी दोघं आपापल्या पिशव्यांतून काल-परवा दाखवलेली नाणी बाहेर काढत होते. मी मागं वळून पाहिलं नाही. माझ्या हातून मोठा झालेला मुलगा तिथं उभा होता आणि मला त्याची कीव आली असती, तर मला स्वतःचा राग आला असता.

सोमवारी कारागीर आला. रेझिन कालवायला घेतलं तेव्हा मनिषानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं? ठेवायचा का बाहेर? एवढा मोलाचा म्हणतात."

आनंदानं ऐकलं. "मग नाळेत काय घालू, शर्टाचं बटण?"

"मी राहीला सांगितलंय सगळं," मी म्हणाले. "आत गेला की परत निघणार नाही. असे पैसे फार थोडे आहेत. जपून ठेवला तर पुढं कितीतरी मुलांना दाखवता येईल. दोन्ही बाजू सांगितल्या. आता तिनं ठरवायचं."

राही टोकाशी गुडघ्यांवर बसली होती. पैसा चिमटीत. रेझिनचा उग्र वास सगळीकडे. वाडीतली अर्धी माणसं जमली होती, काशीसुद्धा, टोपली डोक्यावरच ठेवून.

"बघू दे तरी गो, करोडपती," ती म्हणाली, पण आवाज वेगळा होता.

राहीनं पैसा पालथा धरला, उलटा केला, पुन्हा पालथा. आजोबांनी मुकुट खाली घातला होता. ती तिथं थांबली. मग मुकुट वर करून तिनं पैसा ओल्या रेझिनवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला.

"उलटा झाला काय?" आनंदा म्हणाला.

"नाही. रेघ वर हवी." ती अंगठा पुसत म्हणाली. "म्हणजे कोणी म्हटलं की हा तो नाही, तर येऊन बघता येईल."

कारागिरानं वरून पातळ थर ओतला. तो वाळला तसा पैसा काचेखाली असल्यासारखा दिसू लागला. भोकाविना, आणि मुकुटापासून काठापर्यंत ती रेघ.

बुजवलेला पैसा आता माझ्या पडवीत असतो. नव्या मुलांच्या हाती पहिला तोच देते. ती उजेडात धरतात, कातळावर टाकून त्याचा फुटका आवाज ऐकतात, आणि मी विचारायच्या आत ओरडतात, "बाहेर! बाहेर!"

गेल्या रविवारी एका लहानग्यानं विचारलं, "बाई, असलं कोण देतं तुम्हाला?"

"माझ्याच एका मुलानं दिलंय," मी म्हणाले.

सगळ्यांनी पाय आत घेतले. तेव्हा मला कळलं, माझा आवाज पुन्हा खाली गेला होता.